यवनी पत्ते : एका खेळाच्या प्रकल्प नोंदी

१६ फेब्रुवारी २०२५, अमळनेर

ठरलं ते असं. ग्रीक पुराणकथांवर आपला स्वतःचा पत्त्यांचा खेळ करायचा. दोघांत खेळायचा, मराठीत, आणि आखाजीपर्यंत हातात हवा. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, यंदा ३० एप्रिलला आहे. त्या दिवशी खान्देशात पत्ते निघतातच. वर्षभर ज्यांनी पत्त्याला हात लावला नाही तेही ओट्यावर मांडी घालून बसतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं. एवढे खेळाडू एका जागी आयते मिळायचे नाहीत.

पुण्यात शिकायला होतो तेव्हा मॅजिक : द गॅदरिंग खेळायचो. रिचर्ड गारफिल्डचा हा पत्त्यांचा खेळ १९९३ चा. २०१३ मध्ये खेळाच्या प्रकाशकांनी थेरोस नावाचा संच काढला, सगळा ग्रीक पुराणांच्या बेतावर. २०२० च्या जानेवारीत त्याच जगात परत आले, तेव्हा रोख पाताळावर होता. थेरोसमधले देव मला पहिल्यापासून आवडतात. देव पटावर असतो, त्याचा नाश होत नाही, पण त्याला देह नसतो. पटावरच्या आपल्या कार्डांवरची, त्याच्या स्वतःच्या धरून, त्याच्या रंगाची चिन्हं पाच भरली की मग तो उठून लढायला येतो. दोन रंगांचा देव असेल तर सात लागतात. भक्ती मोजायची सोय पत्त्यांतच!

दुसरी गोष्ट वीरांची. वीरावर एकामागून एक वर, म्हणजे वरदानाचे पत्ते, चढवत गेलं की तो दांडगा होतो, पण समोरच्याने एका पत्त्यात त्याला मारलं की आपले दोन-तीन पत्ते एकदम गेले. हा तोटा आखणी करणाऱ्यांनी ओळखला होता. म्हणून काही वर असे ठेवले की वीर मेला तरी वर स्वतःच प्राणी होऊन पटावर उरतो.

नक्कल मात्र करायची नाही. पाच रंग, साठ पत्त्यांचा कॅट आणि बारीक अक्षरांतले नियम आमच्या ओट्यावर चालणार नाहीत. प्रत्येकाचा कॅट ३६ पत्त्यांचा. जिंकायला १२ कीर्ती, म्हणजे गुण. मेलेले आणि वापरलेले पत्ते जातात त्या ढिगाला पाताळ म्हणायचं. नियम एका पानात मावले पाहिजेत.

कामाचा दंडक एकच: कार्डाची ताकद कथेतून घेतली तर त्याची किंमतही कथेतच शोधायची. ग्रीकांकडे फुकट मिळालेलं वरदान मला अजून सापडलेलं नाही. कार्ड भारी पडतंय म्हणून आकडा कमी करायच्या आधी कथा पुन्हा वाचायची.

२ मार्च

साधनांचा प्रश्न आधी सोडवायला घेतला. मॅजिकमध्ये बाकीचे पत्ते उतरवायचा खर्च भागवणारे जमिनीचे पत्ते वेगळे असतात, साठांत साधारण चोवीस, चाळीसच्या कॅटमध्ये सतरा. सात पत्त्यांच्या पहिल्या हातात सरासरी तीनाच्या आसपास जमिनी येतात. सरासरी म्हणजे कधी एकही नाही आणि कधी नुसत्या जमिनीच. मुरलेला खेळाडू ते सोसतो. आखाजीला बसलेल्या माणसाला पहिल्याच डावात नुसतं बसवून ठेवलं तर तो उठून तीन पत्ती खेळायला जाईल.

म्हणून जमीन नाहीच. दर पाळीत हातातला कुठलाही एक पत्ता पालथा घालायचा, ती आहुती. जितक्या आहुत्या पुढ्यात, तितक्या किमतीचं कार्ड उतरवता येतं. अडून बसण्याचा प्रश्न मिटला आणि त्याजागी जास्त चांगला प्रश्न आला: जाळायचं काय? हातात पाच पत्ते, पाचही हवेसे, त्यातला एक द्यायचाच. ग्रीक देवांना यज्ञ लागतात, तेव्हा हे कथेलाही धरून आहे.

यातूनच प्रोमिथियस सुचला. ग्रीक कवी हेसिओडने मेकोनी या गावची गोष्ट सांगितली आहे. देव आणि माणसं यांच्यात बैलाची वाटणी होते. प्रोमिथियस हाडं चकचकीत चरबीत गुंडाळतो, मांस पोटाच्या ओंगळ पिशवीत लपवतो आणि झ्यूसला म्हणतो, निवड. झ्यूसच्या वाट्याला हाडं येतात. कार्डाचा नियम: प्रोमिथियस पटावर असेल तर आहुती हातातून न देता आपल्या पाताळातला वरचा पत्ता द्यायचा. हाडंच ती. मांस हातात राहतं. किंमतही तयार आहे: शिक्षा म्हणून रोज त्याचं यकृत खाणारा गरुड. दर पाळीच्या सुरुवातीला मालकाच्या कॅटमधला वरचा पत्ता पाताळात जातो. गंमत अशी की गरुडाने खाल्लेलाच पत्ता पुढे आहुतीला कामी येतो. मात्र कॅट भराभर संपतो, आणि कॅट संपला की डाव तिथेच थांबून कीर्ती मोजायची असा नियम आहे. म्हणजे प्रोमिथियसवाल्याला घाई करावीच लागते.

हिशेब करून ठेवला. एका कार्डाच्या जास्तीत जास्त तीन प्रती. ३६ पत्त्यांत तीन असतील तर पहिल्या पाच पत्त्यांत एक तरी येण्याची शक्यता ३७ टक्के, दहा पत्ते पाहून होईपर्यंत ६४ टक्के. दोनच प्रती असतील तर पहिल्या हातात २६ टक्के. एकच असेल तर जेमतेम १४. देव प्रत्येकी एकच ठेवायचा ठरवला तो याच आकड्यावरून. देव दर डावात भेटायला लागला तर त्याची पत्रास कोण ठेवणार?

९ मार्च

भाची धुळ्याहून आली. ती तिथे चित्रकला शिकते. येताना गेरूचा पुडा, डिंक आणि जाड कागद घेऊन आली आणि ओटा ताब्यात घेतला.

चित्रांची शैली अथेन्सच्या मातीच्या भांड्यांवरची. इ.स.पू. सहाव्या शतकात तिथे काळ्या आकृत्यांची पद्धत जोरात होती: भाजलेल्या लाल मातीवर काळी छाया, आणि टोकदार हत्याराने खरवडून आतल्या रेघा. बायकांची अंगं वरून पांढरी. मग इ.स.पू. ५३० च्या सुमारास कुणीतरी ते उलटं केलं. पार्श्वभूमी काळी, आकृती मातीच्या रंगाची मोकळी सोडलेली, आतल्या रेघा कुंचल्याने. कुंचला आल्यावर स्नायू वळायला लागले, कपड्याला चुण्या पडल्या.

आम्ही दोन्ही घेतल्या. वीर आणि जिवंत माणसं लाल आकृतीत, दैत्य आणि पाताळाशी संबंधित सगळं काळ्या आकृतीत. समोरच्याच्या पटावर काय मांडलंय ते नाव न वाचता टेबलापलीकडून कळतं. डावात याचा फार उपयोग आहे. चित्र नुसतं शोभेचं असेल तर पत्त्यावर त्याची जागा कशाला अडवायची, असं माझं मत.

तो काळा रंग म्हणजे रंगद्रव्य नव्हतंच, हे भाचीने सांगितलं. लोहयुक्त चिकणमातीचा पातळ लेप असायचा. भट्टीत आधी हवा, मग हवा कोंडून धूर, मग पुन्हा हवा. कोंडलेल्या वेळी सगळंच काळं होतं. पुन्हा हवा दिली की उघडी माती परत लाल होते, लेप मात्र काचेसारखा मिटून गेल्याने काळाच राहतो. आता तिला गावातल्या कुंभाराची भट्टी बघायला जायचंय. आखाजीनंतर जा म्हटलं, आत्ता तोच घागरींच्या गर्दीत असणार.

ती सावळद्याच्या भांड्यांचे फोटोही घेऊन आली होती. तापीकाठची ताम्रपाषाणयुगीन भांडी, वर काळ्या रंगात प्राणी, मासे, बाणांची टोकं. तिचं म्हणणं, सगळ्या कार्डांची किनार याच नक्षीची करू. मला ते पटेना. अकिलीसच्या भोवती तापीचे मासे का? बराच वाद झाला. शेवटी बाणाचं टोक घेतलं, बळाचा आकडा त्यात लिहायचा. किनारीला ग्रीक नागमोडी पट्टीच.

मेड्युसाला मात्र वेगळी वागणूक. त्या भांड्यांवर जवळजवळ सगळे लोक एका बाजूने दिसतात, नाक डावीकडे नाहीतर उजवीकडे. गॉर्गन, म्हणजे मेड्युसाच्या जातीची राक्षसीण, तेवढी सरळ आपल्याकडे बघते. धावत असली तरी तोंड समोर. कॉर्फूच्या आर्टेमिस मंदिरावरची दगडी गॉर्गनही तशीच. म्हणून नियम केला की सबंध संचात खेळणाऱ्याच्या डोळ्यांत बघणारं चित्र एकच.

आजी येऊन बघून गेली. "हाई बाई कोन शे?" सांगितलं, हिच्याकडे बघितलं की माणूस दगड होतो. "मंग तिले उलटी ठेव," म्हणाली आणि गेली.

भाची आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत राजा-राणीला दोन्हीकडून तोंड असतं. तसंच मेड्युसाचं करायचं. सुलटी असेल तर जिवंत: तिच्यावर हल्ला करणारा वीर दगड होतो, आडवा पडतो, पुन्हा उठत नाही. हातात ढालीचा वर असेल तर मात्र तो तिला मारू शकतो. मेली की तोच पत्ता उलटा फिरवून मारणाऱ्याने आपल्या पुढ्यात घ्यायचा. आता ते मुंडकं, म्हणजे शस्त्र. एकदा वापरायचं, समोरचा एक वीर दगड. मेड्युसाला मारणाऱ्या पर्सिअसने तेच केलं होतं. तिच्या मानेतून पेगॅसस हा पंखांचा घोडा उडतो, तो दोन चित्रांच्या मधल्या तिरक्या रेघेवर बसवला.

१६ मार्च

अकिलीस. किंमत चार, बळ पाच. दर पाळीत हल्ला करावाच लागतो. तो मेला तर मालकाला ४ कीर्ती.

ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या इलियड महाकाव्यातला हा ग्रीक वीर. नवव्या सर्गात तो स्वतःच सांगतो: आईने दोन वाटा सांगितल्यात. इथे लढत राहिलो तर घरी परतणं नाही, पण कीर्ती अमर. घरी गेलो तर आयुष्य मोठं, कीर्ती नाही. म्हणजे मालकाने त्याच्या मरणाची वाट बघायची आणि समोरच्याने त्याला जिवंत ठेवायचं. लढाईच्या खेळात शत्रूच वीराचा जीव जपतोय, हे बघायला मजा येते.

पण जपणं फुकट नाही. ज्या वीराला कुणी अडवलं नाही तो पाळीला १ कीर्ती आणतो. चार पाळ्या सोडून दिलं तर तेवढीच कीर्ती झाली. मग समोरच्याला काहीतरी तिसरं हवं. तेही कथेतच आहे. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन त्याच्याकडून ब्रिसेईस या बंदिनीला काढून घेतो आणि अकिलीस तंबूत जाऊन बसतो. कार्ड: "अगामेम्नॉनचा हट्ट". अकिलीस पटावरच राहतो, पण लढत नाही. भाचीने विचारलं, मग दोन पत्ते देऊन त्याला उठवता येईल का? नाही. कथेत त्याच्याकडे भेटी घेऊन लोक गेले, त्याने परत पाठवले. उठला तो जिवलग मित्र पॅट्रोक्लस मेल्यावर. तेव्हा नियम हाच: आपलाच दुसरा वीर मेल्याशिवाय अकिलीस उठत नाही.

आता डावात काय होतं बघा. अकिलीस रुसलेला, हातात पॅट्रोक्लस, किंमत दोन, बळ दोन. समोर बळ चारचा दैत्य. पॅट्रोक्लसला मुद्दाम पुढे पाठवायचं का? भाचीने पाठवला. "वाईट वाटतंय रे मामा," म्हणाली, आणि पुढच्या तीन पाळ्यांत डाव खिशात घातला.

टाचेचा नियम घालायचा नाही. सगळं अंग अभेद्य, टाच तेवढी कच्ची, असं म्हणतात; होमरकडे ती टाच नाहीच. स्टिक्स नदीत बुडवल्याची गोष्ट आपल्याला इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन कवी स्टेशिअसकडे मिळते. चित्रही भाल्याचं नको, असं भाचीच म्हणाली. बर्लिनमध्ये सोसिआसची सही असलेला एक प्याला आहे, त्यावर अकिलीस खाली बसून पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतोय. पॅट्रोक्लसने वेदनेने तोंड फिरवलंय. त्याच बैठकीवरून तिने काढलं. दोघांची दोन कार्डं शेजारी ठेवली की पट्टीचं टोक एकातून दुसऱ्यात जातं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं, दुपारी हायड्रा, ती अनेक डोक्यांची पाणसापीण.

एक डोकं कापलं की दोन येतात. कार्डावर: हल्ला झाला आणि ती मेली नाही तर बळ दोनने वाढतं. चाचणीत ती बळ आठवर जाऊन बसली आणि पटच अडला. कुणी तिच्या वाटेला जाईना. कथेत हेराक्लीसने एकट्याने मारली नाही. पुतण्या आयोलाउस प्रत्येक कापलेली मान जळत्या लाकडाने डागत गेला. म्हणून दोन वीरांनी मिळून हल्ला केला तर बळ कितीही असो, हायड्रा मरते. हा तर फारच सोपा उपाय झाला, एवढा मोठा दैत्य आणि दोन किरकोळ वीरांत खलास.

अपोलोडोरसचा पुराणकथांचा संग्रह पुन्हा उघडला आणि किंमत मिळाली. हेराक्लीसला दहा कामं नेमून देणारा राजा युरिस्थिअस, त्याने हे काम मोजलंच नाही. मदत घेतलीस, म्हणाला. ऑजिअसचे गोठे साफ केले तेही मोजले नाहीत, कारण मजुरी ठरवली होतीस. दहाची कामं बारा झाली ती अशी. बस्स! एकट्या वीराने हायड्रा मारली तर ५ कीर्ती. दोघांनी मारली तर ती मेली, वाट मोकळी झाली, कीर्ती शून्य. युरिस्थिअससारखा साहेब ज्याला भेटलेला नाही असा नोकरदार मला दाखवा.

एका आकड्याला हात न लावता कार्ड जागेवर आलं. दंडक पाळल्याचा याहून मोठा फायदा अजून तरी दिसलेला नाही.

६ एप्रिल, जळगाव

छपाईची चौकशी. १२ बाय १८ इंचाच्या शीटवर ६३ बाय ८८ मिलिमीटरचे पत्ते, भोवती तीन-तीन मिलिमीटर कापणीची सूट, आडवे लावले तर १८ बसतात. ३६ चे तीन कॅट म्हणजे १०८ पत्ते, बरोबर सहा शीट. एकही कोपरा वाया नाही. चित्रं ४४, बाकीच्या प्रती. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतार गुणिले बारा, १२० पाने असतात आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. तेवढा दम आमच्यात नाही.

कागद ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन, गोल कोपरे. किनार काळी नको, हे मी ठामपणे सांगितलं. गडद किनारीचा पत्ता पिसून पिसून कडेला पांढरा पडतो आणि मग पाठीवरूनही ओळखू येतो. आमच्याकडचे पत्तेबाज दुसऱ्याच डावात ओळखतील. किनार गेरूचीच.

पाठीचा घोळ जास्त वेळ चालला. माझ्या डोक्यात व्हॅटिकनमधली, एक्सेकिअस या अथेन्सच्या चित्रकार-कुंभाराची सुरई होती, इ.स.पू. ५४०-५३० च्या आसपासची. अकिलीस आणि एजॅक्स चिलखत घालून, भाले खांद्याला टेकवून सोंगट्यांचा डाव खेळताहेत. तोंडातून अक्षरं निघाली आहेत. अकिलीस म्हणतो चार, एजॅक्स म्हणतो तीन. पत्त्यांच्या पाठीवर याहून चांगलं काय शोभेल? पण पाठ उलटी केली तरी सारखी दिसली पाहिजे, नाहीतर कुठला पत्ता उलटा आहे ते कळतं, आणि मेड्युसा तर फिरतेच. ती सुरई अर्धी फिरवली तर दोघेही डोक्यावर उभे राहतात.

तेव्हा एक्सेकिअस डबीवर गेला, "चार" आणि "तीन" देवनागरीत तोंडातून काढून. पाठीवर डोळे आले. त्या काळी प्याल्यांच्या बाहेरून मोठे डोळे रंगवायचे. पिताना प्याला तोंडाला लावला की समोरच्याला मुखवटा दिसायचा. एक डोळा सुलटा, एक उलटा. कशीही फिरवा, पाठ तीच.

१३ एप्रिल

ताई आली होती, भाचीची आई. तिला पाताळाचा कॅट दिला आणि तिने आम्हा दोघांना कोरडं पाडलं.

तिची जोडी धान्याची देवी डिमीटर आणि पाताळात नेलेली तिची लेक पर्सेफोनी. पर्सेफोनी दोन पाळ्या वर असते, तिसऱ्या पाळीला पाताळात, मग परत वर. ती खाली असताना डिमीटर पटावर असेल तर कुणालाही नवी आहुती घालता येत नाही. होमरच्या नावावर चालणाऱ्या डिमीटरच्या स्तोत्रात हेच आहे. लेक गेली म्हणून ती धान्य उगवू देत नाही. माणसं उपाशी, आणि देवांचे यज्ञही बंद व्हायची वेळ येते. तेव्हा कुठे झ्यूस हलतो.

आम्हाला वाटलं, बंदी दोघांनाही आहे तर फायदा कुणालाच नाही. ताईने आधी निमूटपणे सहा आहुत्या घालून घेतल्या. आम्ही तीन-चारवर होतो. मग तिने डिमीटर आणली. तिच्याकडे हवं तेवढं होतं, आमची चूल बंद. नियम सारखा असला तरी तो आणायची वेळ जो निवडतो त्याचाच होतो.

भाची म्हणाली हे फार जड आहे, कमी करू. मी स्तोत्राकडे बोट दाखवलं. तिथे डाळिंबाचा एक दाणा, वर्षाचा तिसरा हिस्सा खाली. रोमन कवी ओव्हिडकडे सात दाणे आणि अर्धं वर्ष. ओव्हिड धरला असता तर दर दुसऱ्या पाळीला दुष्काळ पडला असता. आपण सौम्य पाठ घेतलाय, आता आणखी सौम्य नको. उतारा हवा तर घाईचा कॅट बांध, दोन-दोन आहुत्यांचे वीर घेऊन ती जमवाजमव करेपर्यंत आठ कीर्ती कर. तसं खेळून बघितलं, ताई हरली. म्हणजे कार्ड ठीक आहे.

चित्र काळ्या आकृतीतलं, अंग पांढरं, तळहातावर एक दाणा. सबंध संचात तांबडाभडक रंग तेवढ्या दाण्यालाच.

ऑर्फिअसचाही नियम आज पक्का झाला. तो बायकोला पाताळातून आणत होता, मागे वळून बघितलं आणि ती गेली. पाताळातला एक वीर परत आणा, पण पुढची आपली पाळी संपेपर्यंत स्वतःचा हात बघायचा नाही. पत्ते पालथे ठेवायचे, खेळायचं तर न बघता एक उचलून उतरवायचा. बघितलं की वीर परत खाली.

२४ एप्रिल

शीट आली. रंग झकास, गेरू गेरूच दिसतो. लॅमिनेशन मात्र एकाच बाजूने केलेलं, आणि या उन्हात पत्ते संध्याकाळपर्यंत होडीसारखे वळले. दोन्ही बाजूंनी करून मागितलं. कापणी रविवारपर्यंत.

३० एप्रिल, आखाजी

सकाळी पितरांची घागर, मग आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या. बाहेर निंबाला झोका, त्यावर बायकांची गाणी. दुपारी ओट्यावर नेहमीची रमी बसली आणि आतल्या खोलीत कूलरसमोर आम्ही. कूलरने पहिल्या पाच मिनिटांत अख्खा ट्रॉयचा कॅट उडवला. प्रत्येक ढिगावर वजन म्हणून कैऱ्या ठेवल्या.

पोरं मेड्युसावर तुटून पडली. पत्ता फिरवायला मिळतो म्हणून मुद्दाम तिला मारायला निघत होती, ढाल नसतानासुद्धा. त्यांचे अर्धे वीर दगड होऊन आडवे पडलेले, तरी खूश.

ऑर्फिअसने सगळ्यात जास्त आरडाओरडा घडवला. पत्ते पालथे ठेवून बसणं मोठ्या माणसांना जमत नाही. आते तर पदराने पत्ते झाकून बसली होती. शेवटी टोक वर करून बघितलंच. तिचा हेक्टर परत खाली गेला तेव्हा म्हणाली, एकच बघितला ना, सगळे कुठे बघितले!

काकांचं सांगायलाच हवं. जन्मभर मेंढीकोट खेळलेला माणूस. नियमाचं पान बाजूला ठेवून पहिला प्रश्न, "हुकूम कोणता?" हुकूम नसतो म्हटल्यावर थोडे नाराज झाले. दहा-दहा रुपये लावू म्हणाले, तेही नाही म्हटलं. पहिला डाव हरले. दुसऱ्या डावात त्यांनी पाने मोजायला सुरुवात केली. एका कार्डाच्या तीनच प्रती, हे त्यांनी ऐकलं होतं. माझ्या दोन हायड्रा पटावर येऊन गेल्या होत्या, आणि मी चौथी आहुती घालताना जरा थबकलो होतो. "तिसरी तिथे जाळली तू," पालथ्या पत्त्यावर बोट ठेवून म्हणाले. खरंच होती. मग त्यांनी निर्धास्तपणे एकटा हेराक्लीस पुढे काढला.

हे आम्ही आखलेलं नव्हतं. आहुती पालथी असते, पण काय जाळलं ते माणसाच्या वागण्यातून कळतं. तेव्हापासून मी आहुती घालताना चेहरा कोरा ठेवायला लागलो, आणि भाची उलट: नको असलेला पत्ता जाळतानाही उसासा टाकते. काका दोनदा फसले.

संध्याकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. अकिलीस समोर असताना त्यांनी ना त्याला मारला, ना हट्टाचं कार्ड टाकलं. आपला सगळ्यात मोठा दैत्यही आडवा घातला नाही. बळ एकची मेंढपाळं आडवी घालत गेले, पाळीला एक. मेंढपाळ मरतो, कीर्ती मात्र अडते, कारण माणूस मारल्याची कीर्ती आम्ही ठेवलेलीच नाही, दैत्य मारल्याचीच आहे. स्वस्त पत्त्यांनी महागडा वीर निकामी. रमीवाले दोघे आत येऊन बघत उभे राहिले.

४ मे

दुसऱ्या छपाईसाठी बदल.

अक्षरं मोठी. सगळ्या ज्येष्ठांनी पत्ता हातभर लांब धरून वाचला. नियम दोन ओळींत मावत नसेल तर तो नियमच कापायचा.

मेंढपाळांचा प्रश्न अकिलीसवर सोडवायचा की मेंढपाळांवर, यावर भाचीशी फोनवर वाद. तिला मेंढपाळाची किंमत वाढवायची आहे. माझ्या मते इलियडमध्येच उत्तर आहे: पॅट्रोक्लस मेल्यावर अकिलीस इतकी माणसं कापतो की स्कॅमँडर नदी प्रेतांनी तुंबते आणि नदीच त्याच्यावर उलटते. म्हणजे रुसून उठलेल्या अकिलीसला माणसं मारल्याचीही कीर्ती मिळावी, पण तिसऱ्या माणसानंतर नदीचा फटका बसावा. तिला पटलं. स्कॅमँडरचं चित्र ती काढणार आहे.

ओडिसिअस अजून संचात नव्हता, कारण त्याची किंमत सापडत नव्हती. दहा वर्षं युद्ध, दहा वर्षं परतीचा प्रवास. काल रात्री नियम बसला. ओडिसिअस उतरवायचा नाही, आपल्याच कॅटमध्ये वरून दहावा खोचायचा. दर पाळीला एक पत्ता उचलत त्याच्यापर्यंत पोचलात की तो घरी आला: ५ कीर्ती, आणि समोरच्याचे बळ दोनपर्यंतचे सगळे पत्ते पाताळात. त्याची बायको पेनेलोपी, तिच्याशी लग्न करायला दारात बसलेले ते उमेदवार. काकांचे मेंढपाळही त्यात जातील, ते वेगळं.

समोरच्याला हे थांबवायचं असेल तर? कॅट पिसायला लावायचा. पिसला की दहावा पत्ता कुठे गेला ते देवालाच ठाऊक. ओडिसिअसची वाट अडवणारा समुद्रदेव पोसायडन, त्याला दुसरं काही लिहायची गरजच नाही, कार्डावर एवढंच: समोरच्याने आपला कॅट पिसावा. किंमत तीन आहुत्या ठेवून बघतो. प्रोमिथियसच्या कॅटशी मात्र हे तपासावं लागेल. तिथे गरुड दर पाळीला एक पत्ता खातो, म्हणजे ओडिसिअस निम्म्या वेळात वर येईल, किंवा गरुडाच्याच तोंडी पडेल.